घरच्या होडीचं तिकीट

काशीला लग्न करून राजपुरीत आणली, त्या दिवशी बाळाजीने तिला दारात उभं करून जंजिरा दाखवला होता. "तो बघ आपला किल्ला," म्हणाला. जसं काही सातबाऱ्यावर ह्याचंच नाव! तेव्हापासून काशीने तो किल्ला रोज बघितला. भाकरी थापताना खिडकीतून बघितला, मासळी साफ करताना ओट्यावरून बघितला, सुजितच्या वेळी बाळंतपणात बाजेवर पडल्यापडल्या बघितला. बघितला तो लांबूनच, पाय म्हणून तिथे कधी ठेवला नाही. नागपूरची माणसं येतात, सुरतेची येतात, गोरे परदेशी उन्हात भाजून लाल होऊन येतात, शाळांच्या सहली बसगाड्या भरभरून येतात, आणि तिकीट काढून थोड्या वेळात किल्ल्यावर पोचतात. आणि जिच्या नवऱ्याची होडी दिवसभर त्याच किल्ल्याच्या फेऱ्या मारते ती काशी, केस पिकले तरी ह्याच काठावर. ऐकणाऱ्याचं डोकं फिरावं अशी ही गोष्ट आहे. काशीचं डोकं फिरायला मात्र इतकी वर्षं लागली, आणि फिरलं तेही पाहुण्यांच्या जेवणाच्या बेतावरून.

बाळाजी तसा वाईट माणूस नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. दारू नाही, मारझोड नाही, कमावलेलं सगळं घरात आणून देणार. होडीवर त्याचा हात असा बसलेला की वारा पडला तरी हा कुठूनतरी झुळूक शोधून काढायचा. किल्ल्याच्या दरवाजाशी लाट होडीला खालीवर करत असते. तिथे होडी पायरीला भिडली की हा आधी उतरून एकेकाला हात द्यायचा, म्हाताऱ्याकोताऱ्यांना तर उचलूनच घ्यायचा. होडीवाल्यांच्या सोसायटीत त्याच्या शब्दाला वजन होतं. मागे एका होडीवाल्याने कुबड्या घेऊन आलेल्या माणसाला, वेळ फार जातो म्हणून, घ्यायचं नाकारलं. तेव्हा बाळाजीने सगळा धक्का डोक्यावर घेतला. "तिकीट हाय न्हवं त्याच्या हातात? मग तो लंगडा असो की राजा असो, ज्याचा नंबर त्यानं न्यायचा!" तेव्हापासून तो नियमच झाला. होड्या धक्क्याला नंबराने लागतात, आणि ज्या होडीचा नंबर असेल तिने तिकीटवाल्या माणसाला नाही म्हणायचं नाही. हा नियम आपण केला, हे बाळाजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. काशीलाही त्याचं कौतुक होतं.

पण ह्याच बाळाजीच्या घरात दुसरा एक नियम होता. घरच्या बाईने घरच्या होडीत पाय ठेवायचा नाही. गावात बाकी कुणाकडे असलं खूळ नव्हतं. शेजारची केसर तर मनाला आलं की नवऱ्याच्या होडीतून किल्ल्यावर जाऊन डबा खाऊन यायची. हा नियम यांच्याच घरचा, आणि तो केलेला बाळाजीच्या बापाने, धर्माजीने. धर्माजीच्या काळी एकदा त्याची बायको नलू होडीत बसली होती, आणि होडी किल्ल्याजवळच्या खडकावर आपटून फुटली. माणसं वाचली, होडी गेली. बाईचा पाय लागला म्हणून होडी गेली, असं धर्माजीने ठरवलं. त्याने ठरवलं म्हणजे ठरलं. मग दुसऱ्याच्या होडीतून काशीने जावं की नाही? तर घरात होडी असताना दुसऱ्याच्या होडीत बसणं म्हणजे नवऱ्याची अब्रू धक्क्यावर वाळत घालणं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि काशी मधल्यामध्ये भाकऱ्या थापायला.

आता खऱ्या संतापाची गोष्ट पुढेच आहे. त्या होडीचं शीड कोण शिवत होतं? काशी. पावसाळ्यात किल्ला बंद असतो आणि होड्या वर ओढून झाकलेल्या असतात. तेव्हा ओटीभर कापड पसरून काशी शीड शिवायला बसायची. दाभणाने बोटं सोलायची, मिठाने चरचरायची. वाऱ्याने शीड फाटलं की ठिगळ तिनेच लावायचं. लोक किल्ल्याचे फोटो काढतात, त्यात पुढे फुगलेलं शीड हमखास असतं. हे फोटो कुठल्या कुठल्या गावांत भिंतींवर लागले असतील. शीड शिवायला बाई चालते, शिडाखाली बसायला चालत नाही, ही कुठली रीत, हे काशीला कुणी समजावून दिलं नाही.

शीड शिवायला तिला शिकवलं सासूने, नलूने. धर्माजी गेल्यानंतरची गोष्ट. दोघी ओटीवर बसलेल्या असताना नलूने सहज सांगून टाकलं, "प्यायलेला व्हता गं तो. झिंगून सुकाणू धरलेलं. मी वरडत व्हते, खडक हाय, खडक हाय. ऐकतो कुठं!" आणि नलू हसली. काशीला हसू आलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी हसतोय! "मंग तुमी बोलला का न्हाईत, आत्याबाय?" तिने विचारलं. "मेल्या माणसाचं काय काढायचं? आन् तू बी बाळ्याला सांगू नको. बापाला लई मानतो तो." सासूला शब्द दिला म्हणून काशी मूग गिळून गप्प राहिली. नलूही पुढे गेली, शब्द मात्र काशीपाशी राहिला.

कधीतरी ती नवऱ्याला विचारायची, किल्ल्यात काय काय आहे? बाळाजी तोंडातला घास गिळून म्हणायचा, "काय असणार? पडकी भितं आन् दगडं." हाच बाळाजी होडीत परक्या माणसांपुढे तोफा काय, बुरूज काय, नबाबाचा वाडा काय, असा रंगून सांगायचा की धक्क्यावरची माणसंही कान टवकारायची. डबा द्यायला गेलेल्या काशीच्या कानावर चार वाक्यं पडायची. पुढचं ऐकायच्या आत होडी सुटायची.

सुजितचं लग्नही ह्या होडीनेच जमवलं. क्रांती माणगावकडची, भातशेती करणाऱ्या घरातली. कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर किल्ला बघायला आली होती. पायरीवर उतरताना सुजितने हात दिला, तो त्याने आजवर सोडला नाही, असं गावात म्हणतात. दोन्ही घरांनी आधी तोंडं वाकडी केली, मग सरळ केली, आणि क्रांती राजपुरीची सून झाली. ज्या होडीत तिला नवरा मिळाला, त्या होडीला तिचा पाय लग्नानंतर लागला नाही.

ह्या वर्षी भात झोडून झालं, आणि क्रांतीच्या आईचा, वेणूबाईंचा फोन आला. भावजया, पुतणे, सगळे मिळून जंजिरा बघायला यायचं म्हणतात. बाळाजी खूश झाला. रविवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर त्याने मोबाइल मोठ्या आवाजावर लावून पाटावर ठेवला आणि लढाईला निघाल्यासारखा बेत आखायला बसला. म्हसळ्यावरून दिघीला या. दिघीला गाडीसकट फेरीबोटीत चढा, आगरदांड्याला उतरा, तिथून राजपुरी हाकेवर. सकाळच्या वाऱ्याला किल्ला बघायचा, दुपारी जेवायला घरी.

"पाण्याची लई भीती वाटते हो मला," वेणूबाई पलीकडून म्हणाल्या. "आमच्याकडं पाणी म्हंजी पाटाचं, नाय तर विहिरीचं."

"मी हाय न्हवं, ईनबाई! तुमाला मधोमध बसवतो. पाठीला गादी देतो. पाण्याचा थेंब उडू देत न्हाय." आणि मान न वळवता काशीला म्हणाला, "त्या गादीची खोळ धुवून टाक. आन् सुरमईचं कालवण कर, कोळंबी तळ, सोलकढी कर. भाकऱ्या जरा जास्ती."

घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, हे काशीच्या मनात आलं. पण पाहुणे ते पाहुणे, त्यांचा काय दोष? तेवढ्यात वेणूबाईंनी विचारलं, "क्रांती बी येल न्हवं आमच्यासंगं? तिनं आदी बघितलाय, मला हाताला धरून फिरवंल."

"न्हाय हो," बाळाजी हसून म्हणाला. "ती आता घरची झाली. आमच्या घरच्या बायका आमच्या होडीत बसत न्हाईत. रीत हाय."

क्रांतीने सुजितकडे बघितलं. सुजितने मोबाइलकडे बघितलं. एवढंच झालं, पण काशीने ते पाहिलं. असंच एकदा तिनेही कुणाकडे तरी बघितलं होतं, आणि तोही दुसरीकडे बघत होता.

"आन् मी?" तिने विचारलं.

"तू काय?"

"ईनबाई जाणार, त्यांच्या भावजया जाणार, पुतणे जाणार. मी?"

"तू गेलीस तर जेवणाचं कोण बघंल?" बाळाजी इतक्या साधेपणाने म्हणाला, की त्यात काही वाईट आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. तो परत फोनकडे वळला.

स्वयंपाकघरात त्या दुपारी भांड्यांनी जो मार खाल्ला तो विचारू नका. क्रांती दारात उभी राहून बघत होती. शेवटी तिने हळूच विचारलं, "आई, तुम्ही कधीच नाही गेलात किल्ल्यावर? मला वाटलं, आधी कधीतरी गेला असाल."

"समद्यांना तसंच वाटतं," काशी म्हणाली. "इचारलं कुणी न्हाय."

आणि तिचं तिलाच नवल वाटलं. पोटच्या मुलाने विचारलं नव्हतं. केसरने विचारलं नव्हतं. इतकी वर्षं घरासमोर किल्ला उभा आहे म्हणजे ही बाई जाऊन आलेलीच असणार, असं सगळ्या गावाने धरून चालावं? स्वतःपुरतं तिने गिळलं होतं. पण कालची आलेली पोर, जी त्या होडीत तिकीट काढून बसली होती, तिला आता सून झाली म्हणून त्याच होडीला परकं करायचं? म्हणजे घराण्यात द्यायला दागिना नाही, तर हा नियमच सुनेच्या गळ्यात घालायचा!

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिने नवऱ्याला सरळ सांगितलं, "मला जायाचं हाय."

"काय ठेवलंय तिथं? दगडं बघायची तुला?"

"दगडं तर दगडं. पन माझ्या शिडाखाली बसून जाईन."

"केसरच्या घरच्यांसंगं जा मंग. लोक काय बोलायचं ते बोलतील, मी सोशीन." मोठा उपकार केल्यासारखा बाळाजी म्हणाला. "आपल्या होडीचं नाव काढू नको. बापाचा शबूद हाय. मी मोडायचा न्हाय."

काशीने कप उचलले. बोलून उपयोग नाही हे तिला कळलं. धक्क्यावर कुणा अनोळखी लंगड्यासाठी भांडणारा हा माणूस घरात आला की त्याच्या डोळ्यांवर झापड येते, तिला कोण काय करणार?

पाहुणे आले त्या दिवशी समुद्र शांत होता आणि वारा बेताचा. वेणूबाई फेरीबोटीतूनच अर्ध्या मेलेल्या होऊन आल्या होत्या. चहा झाला, बाळाजी आणि सुजित पाहुण्यांना घेऊन धक्क्यावर गेले. पाहुण्यांची तिकिटं बाळाजीने आधीच काढून ठेवली होती. काशीने सुरमई आणि कोळंबी साफ केली, हळद-मीठ लावून फ्रिजमध्ये ठेवली आणि हात धुतले. मग पेटीतलं ठेवणीतलं लुगडं काढलं.

"पोरी, चप्पल घाल," ती क्रांतीला म्हणाली.

"कुठे?"

"किल्ला बघायला."

क्रांती वेणी घालायलाही थांबली नाही.

तिकिटाच्या खिडकीत प्रणय नावाचा गावचाच मुलगा बसतो. "मावशी, कुणाची तिकिटं?" त्याने विचारलं. "माझं. आन् सुनेचं," काशी म्हणाली. प्रणयला हसावं की घाबरावं कळेना. पण तिकिटं मागितली तर द्यायची हे त्याचं काम, ते त्याने केलं.

बाळाजीच्या होडीचा नंबर यायला दोन होड्या बाकी होत्या. काशीला तिकीट घेऊन उभी बघून पहिल्या होडीवाल्याने हाक मारली, "या काशीवहिनी, जागा हाय!" "माझी होडी मागं हाय," ती म्हणाली. दुसऱ्यानेही बोलावलं, त्यालाही तेच सांगितलं. दोन मिनिटांत अख्ख्या धक्क्याला कळलं. काम असलेले रेंगाळले, काम नसलेले जवळ आले.

बाळाजीची होडी लागली. पाहुणे चढायला लागले, त्यांच्यामागे पुण्याकडचं एक कुटुंब, आणि त्यांच्यामागे काशी आणि क्रांती. काशीने होडीच्या कडेला हात लावला, तशी बाळाजीची नजर गेली.

"ए, थांब! इकडं काय?"

काशीने तिकीट पुढे केलं.

"चेष्टा करतीस? समद्यांसमोर?"

"चेष्टा कसली? तिकीट हाय. नंबर तुमच्या होडीचा हाय. नियम कुणी केला?"

बाळाजीचा चेहरा उतरला. "तो नियम परक्या माणसांसाठी हाय."

"म्हंजी मी परकी असते तर चाललं असतं? लंगड्याला न्ह्यायला तुमी गावाशी भांडला. माझ्यासाठी कुणाशी भांडला? शीड माझं, डबा माझा, खोळ बी मीच धुतली. बसायची एवढी बंदी!"

"काशे, तोंड आवर. बापाची होडी बाईचा पाय लागून फुटली हे अख्ख्या गावाला ठावं हाय."

सासूला दिलेला शब्द काशीने त्या वेळेपर्यंत जपला होता. पण खोटं बोलून गेलेल्या सासऱ्यासाठी शब्द पाळायचा, तो किती दिवस?

"पायानं न्हाय फुटली," ती म्हणाली. "बाटलीनं फुटली. तुमच्या आयेनं मला सांगितलं."

जाळ्यांच्या ढिगावर चांगदेव बसला होता, होडीवाल्यांतला सगळ्यांत म्हातारा. तो एकदम खो-खो हसत सुटला. "खरं बोलते ती, बाळ्या! तुझ्या बापाला आमीच पाण्यातनं काढला. तोंडाला वास असला, की मलाच निम्मी चढली!" मग तो हसायचा थांबला आणि खाली बघत म्हणाला, "नलूवहिनीला उगाच बोल लागला. आमी बी गप्प बसलो."

होडीत मधोमध, गादीला पाठ टेकून बसलेल्या वेणूबाई उठल्या. "ईनबाई न्हाय बसल्या तर मी बी उतरते," त्या म्हणाल्या. "आदीच माझा जीव घाबरा झालाय. बाईमाणूस संगं नसंल तर मी न्हाय येत."

बाळाजी बाजूला सरला आणि दोर सोडायच्या निमित्ताने पाठमोरा झाला. सुजितने पुढे होऊन आईला हात दिला, मग बायकोला. त्याला उशिरा का होईना, हात द्यायचं सुचलं. वेणूबाईंनी काशीला आपल्या गादीवर ओढून घेतलं.

शीड वर चढलं आणि वाऱ्याने भरलं. काशीने मान वर केली. हे शीड तिने नेहमी ओटीवर पसरलेलं बघितलं होतं, मेलेल्या जनावराच्या कातडीसारखं. इथे ते जिवंत होतं. डोलकाठीजवळ एक ठिगळ होतं, ते तिने तापात बसून शिवलं होतं. ती टीप थोडी वाकडी गेली होती, आणि तिच्यावरूनही वारा तसाच ओढत होता. काशीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आनंद होताच, पण त्याहून जास्त राग होता. इतकं सोपं होतं हे. एवढंसं पाणी. एवढ्याशा पाण्यासाठी अख्खी हयात गेली.

पुण्याच्या माणसाने बाळाजीला विचारलं, "काका, किल्ल्याची माहिती सांगता ना?" बाळाजी शिडाचा दोर ओढत राहिला. सुजितने सुकाणू धरल्याधरल्या सांगायला सुरुवात केली. बुरूज, तोफा, चहूबाजूंनी खारं पाणी असून आत गोड्या पाण्याचे तलाव. काशी पहिल्यांदा ते शेवटपर्यंत ऐकत होती. घरच्या खिडकीतून तो किल्ला म्हणजे नुसती काळी भिंत दिसायची. जवळ आल्यावर त्या भिंतीच्या वळणातून अचानक दरवाजा निघाला, मोठा, कमानीचा, पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. "दरवाजा ह्या बाजूला हाय?" ती वेणूबाईंना म्हणाली. "मला ठावंच नव्हतं." वेणूबाईंनी जरा सरकून तिला दरवाजा नीट दिसेल अशी जागा करून दिली.

होडी पायरीला लागली. बाळाजी नेहमीसारखा आधी उतरला आणि एकेकाला हात देऊ लागला. सगळे चढून गेले, सर्वांत शेवटी काशी राहिली. लाटेने होडी वर आली, तसा त्याने हात पुढे केला, आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "मला ठावं व्हतं."

"काय ठावं व्हतं?"

"बाबा प्यायलेला व्हता ते. मी त्या दिशी होडीत व्हतो. आयेच्या मांडीवर."

काशीचा एक पाय होडीत होता. लाट खाली गेली आणि परत वर आली, तोवर ती तशीच उभी होती. ह्याला दुखू नये म्हणून तिने तोंड शिवून घेतलं होतं. आणि ह्याला सगळं आधीपासूनच माहीत होतं! माहीत असून मघाशी गावासमोर आईलाच पुन्हा बोल लावला. माहीत असून आपल्याला बसवलं नाही, आता पोरीला बसवणार नव्हता.

"मंग का?" तिने विचारलं.

"बापाला खोटं कसं पाडायचं?"

"मेलेल्या बापाला खोटं पाडवत न्हाय," काशी म्हणाली, "आन् जित्या बायकोला जन्मभर काठावर बसवता येतं व्हय?"

तिने त्याचा हात धरला नाही. लुगड्याचा काठ वर खोचला, दरवाजाच्या दगडाला धरलं आणि स्वतःच्या पायांनी पायरीवर चढली. गुडघ्यापर्यंत भिजली, त्याची पर्वा केली नाही.

किल्ला बघताना मात्र तिने राग बाजूला ठेवला, कारण रागाला पुढेही वेळ होता. क्रांती एका हाताने आईला आणि दुसऱ्या हाताने सासूला धरून चालत होती. तिला सगळं आठवत होतं आणि जे आठवत नव्हतं ते ती बिनधास्त ठोकून देत होती. पडक्या वाड्याच्या मजल्यांमधून आभाळ दिसत होतं. तोफेवर हात ठेवला तर उन्हाने तापलेली. तलावाचं पाणी हिरवंगार. वेणूबाई पाण्याची भीती विसरून काठावर बसल्या आणि म्हणाल्या, "एवढ्या खाऱ्यात हे गोडं कुठनं आलं असंल हो?" काशीला उत्तर माहीत नव्हतं. तिला ते माहीत नसण्याचीही मजा वाटली. ती बसली, उठली, परत बसली. एका बुरुजावर गेली, तिथून दुसऱ्यावर.

परत निघायची वेळ झाली. सुजितने शीळ घातली. किल्ल्यावर होड्यांची एक रीत असते. जी होडी जितकी माणसं घेऊन येते, तितकी घेऊनच परत जाते. एक जरी कमी असला तरी ती सुटत नाही. पाहुणे खाली आले, पुण्याचं कुटुंब आलं. काशी आली नाही. सुजित धापा टाकत बुरुजावर आला.

"आये, चल. बाबा थांबलेत."

"थांबू दे."

"किती वेळ? समदी होडी खोळंबलीय."

"माझं बघून झालं की येईन. पुण्याच्या लोकांना दुसऱ्या होडीत बसवून दे, तू बी जा. पाहुण्यांना घाई नसंल तर त्यांना राहू दे हितं." मग तिला आठवलं. "आन् मासळी फ्रिजमधे हाय. तू गेलास की सुरमई तळायला घे. तुला येतं, न्हाय आलं तर शीक. भात कुकरला लाव."

"मी?"

"मंग कोण? आमी किल्ला बघायला आलोय."

वेणूबाईंना घाई नव्हती. त्या तलावाच्या काठी पदर पसरून आडव्या झाल्या होत्या. क्रांती हसत होती, आणि हसू दाबायचा प्रयत्नही करत नव्हती. केसरच्या घरच्यांनी रीत बाजूला ठेवली आणि सुजित पुण्याच्या लोकांना घेऊन त्यांच्या होडीतून परत गेला.

ऊन चढलं. खाली दरवाजाशी होड्या येत होत्या, माणसं उतरवून, माणसं भरून जात होत्या. बाळाजीची होडी शीड उतरवून एका बाजूला बांधलेली होती आणि तो तिच्यात एकटा, डोक्यावर टॉवेल घेऊन बसला होता. चुकून एकदा वर बघायचा, परत खाली. एका येणाऱ्या होडीवाल्याने ओरडून विचारलं, "काय बाळाजी, नंबर सोडून बसलास? कुणासाठी थांबलास?"

बाळाजीने डोक्यावरचा टॉवेल काढला.

"घरचं माणूस हाय वर," तो म्हणाला.

काशीने ते बुरुजावरून ऐकलं. ती उठली नाही. तिला किल्ल्याची पलीकडची, समुद्राकडची बाजू अजून बघायची होती.